धाकट्याचा पाय

पाठिंबा देणं ही माझी फार जुनी सवय आहे. तिला खर्च येत नाही आणि जागचं उठावं लागत नाही. आजवर मी मराठी शाळांना पाठिंबा दिला (आमचे चिरंजीव इंग्रजी शाळेत गेले). मराठी वाचनालयाला दिला (वर्गणीचं कार्ड घरात कुठेतरी आहे, मिळालं की दाखवतो). संगीत नाटकाला तर मी इतका जोरदार पाठिंबा दिला की एकदा दुसऱ्या अंकापर्यंत बसलोसुद्धा होतो. तेव्हा आमच्या डोंबिवलीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर ‘मराठी मालिका आणि आपले कर्तव्य’ हा विषय निघाला, तेव्हा भाषणाला माझ्याशिवाय दुसरा लायक माणूस सापडणं शक्यच नव्हतं.

भाषण झकास झालं. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झालं, तिथून मी सुरुवात केली. चिं. वि. जोशींचे चिमणराव-गुंड्याभाऊ आणले, दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची नावं घेतली, तशी पुढच्या बाकावरचे दोघे हळवे झाले. मग सह्याद्रीवरची ‘दामिनी’ आली. १५ ऑगस्ट १९९९ ला सुरू झालेली अल्फा मराठी वाहिनी आली आणि तिच्यावरची ‘आभाळमाया’ आली. ‘चार दिवस सासूचे’ ही मालिका २००१ ते २०१३ पर्यंत चालली आणि तिचे तीन हजारांहून जास्त भाग झाले, असं सांगितल्यावर मागून कोणीतरी “चार दिवस!” असं म्हणालं आणि मला न ठरवता हशा मिळाला. शेवटी मी आवाज चढवून म्हणालो, “मंडळी, आज कोरिया, तुर्कस्तान, स्पेन आपल्या दिवाणखान्यात घुसलेत. आपली माणसं, आपली भाषा, आपली मालिका आपण नाही बघायची तर कोणी बघायची?”

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या संपायच्या आत एका खवचट गृहस्थांनी विचारलं, “तुम्ही सध्या कोणती बघता?”

वास्तविक अशा प्रश्नांना सभेत बंदी पाहिजे. मी घसा साफ केला, पाणी प्यायलो, घड्याळाकडे पाहिलं आणि वेळेअभावी भाषण आवरतं घेतलं.

आता खरं सांगायचं तर आमच्या घरात माणसं तीन आणि पडदे चार आहेत. चिरंजीव कानात बोंडं खुपसून कोरियन मालिका बघतात आणि मध्येच एकटेच हसतात. पहिल्यांदा त्याची ही काळजी करत असे. सौ. स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून तुर्की मालिका बघते. ती हिंदीत बोलणारी तुर्की माणसं आमच्या आमटीच्या वाफेत गेली दोन वर्षं रडत आहेत. आणि अस्मादिक? मला स्कँडिनेव्हियातले खून आवडतात. स्वच्छ बर्फ, स्वच्छ रस्ते, आणि त्यावर एक स्वच्छ प्रेत. पोलीस अधिकारी आठ भाग गप्प बसतो. कोणी ओरडत नाही, कोणाचा चेहरा तीनदा जवळून दाखवत नाहीत. रात्री साडेआठ ते दहा आमच्या घरात चार देशांचा कारभार चालतो आणि त्यातला एकही देश दुसऱ्याशी बोलत नाही. जेवायला बसताना मीठ मागायचं तरी कोणाच्या तरी कानातलं बोंड काढावं लागतं.

तेव्हा कट्ट्यावरची बेअब्रू धुऊन काढण्यासाठी मी ठरवलं, की आठ दिवस रीतसर मराठी मालिका बघायच्या. घरी ते शक्य नव्हतं, कारण दिवाणखान्यातल्या टीव्हीला वाहिन्यांची जोडणीच उरलेली नाही. मग मला कोंडाण्याच्या मावशीची आठवण झाली.

कोंडाणे म्हटलं की निम्मे लोक सिंहगड समजतात आणि तानाजीबद्दल बोलायला लागतात. ते वेगळं. हे कर्जतचं, उल्हास नदीच्या खोऱ्यातलं, राजमाचीच्या पायथ्याचं. आमची ही मावशी ऐंशीच्या घरात आहे. दिसायला कमी आणि ऐकायला जास्त येतं. बरोबर तिचं शेंडेफळ, म्हणजे माझा मावसभाऊ. वयाची चाळिशी ओलांडली तरी सगळा गोतावळा त्याला ‘धाकटा’च म्हणतो. त्याची बायको आणि दोन मुलं धरून पाच माणसं, आणि एक टीव्ही.

जुलैचा शेवट होता. कर्जत स्टेशनवर उतरलो, वडे बांधून घेतले (कर्जतला उतरून वडे न घेणं हा महाराष्ट्रात अजून गुन्हा ठरलेला नाही, पण ठरायला हरकत नाही), आणि भिजत भिजत मावशीकडे पोचलो. मावशीने पिशवी घेतली, वड्यांचा वास घेतला आणि विचारलं, “काय रे, घरी भांडण झालं?”

“नाही गं मावशी. मालिका बघायला आलोय.”

मावशीने सुनेकडे बघितलं. सुनेने धाकट्याकडे बघितलं. धाकटा हळूच मला म्हणाला, “दादा, पैशाची वगैरे अडचण नाही ना?”

संध्याकाळी सातला बैठक भरली. मला वाटत होतं, मावशी मालिका ‘बघते’. तो माझा भ्रम होता. मावशी मालिकेशी भांडते. सात ते दहा ती पडद्यावरच्या एकाही माणसाला गय देत नाही. “अगं, पत्र उघड्यावर ठेवतात का? सासू येईल ना!” सासू आली. “घ्या!” नायिका चाळीस तोळे सोनं घालून पोळ्या लाटत होती, तर मावशी म्हणाली, “हिची पोळी बघ. गेल्या सोमवारपासून एकच लाटतेय.” नायक रागाने बाहेर निघून गेला, त्याचा चेहरा डावीकडून, उजवीकडून आणि पुन्हा डावीकडून दाखवला, ढगांचा गडगडाट झाला. मावशीने मला समजावलं, “हा कुठे जात नाही. चप्पल नाही घातलेली.”

शेजारच्या दोघी मध्येच येऊन टेकत. एकीच्या घरचा टीव्ही चालू असूनसुद्धा ती इथे येत असे. मी कारण विचारलं तर म्हणाली, “आमच्यात कोणी बोलत नाही बघताना.”

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. शहाणपण हा माझ्या पोटात न राहणारा पदार्थ आहे. मी म्हणालो, “मावशी, ही गोष्ट तरी आपली आहे का? आता ती ‘आई कुठे काय करते’ घे. २०१९ पासून पाच वर्षं चालली, सगळ्या महाराष्ट्राने डोळे पुसले. मूळ मालिका बंगाली, ‘श्रीमोयी’. तीच हिंदीत ‘अनुपमा’ झाली.”

“मग?” मावशी म्हणाली. “बंगाल्यांच्यात आई नसते?”

मी दुसरा बाण काढला. “बरं, तू हे रोज इमाने इतबारे बघतेस, त्याचा त्यांना उपयोग शून्य. बघणाऱ्यांची मोजदाद होते ती काही ठरावीक घरांत मीटर बसवून. सगळ्या देशात मिळून अशी घरं फारच थोडी. त्यावरून दर आठवड्याला आकडे निघतात आणि त्यावर कोणती मालिका जगणार, कोणती मरणार हे ठरतं. तुझ्याकडे मीटर आहे का?”

“विजेचा आहे.”

“तो नव्हे. म्हणजे तू बघितलंस काय आणि नाही बघितलंस काय, त्यांच्या दृष्टीने सारखंच.”

मावशी वाती वळत होती. हात न थांबवता म्हणाली, “मी देवळात रोज जाते. तिथे कोणी मीटर लावलाय?”

यावर काय बोलणार? मी एक वडा खाल्ला.

मात्र त्या घरातली खरी गोष्ट मला चौथ्या दिवशी कळली. कर्जतहून चौककडे जाताना नितीन देसाईंनी २००५ साली मोठा स्टुडिओ उभारला, हे तुम्हांला ठाऊक असेलच. ‘जोधा अकबर’चं चित्रण तिथे झालं. पण आमच्या घराण्याच्या दृष्टीने त्या स्टुडिओचं महत्त्व निराळं आहे. २००८ साली स्टार प्रवाह वाहिनीवर ‘राजा शिवछत्रपती’ सुरू झाली. निर्माते देसाईच, महाराजांच्या भूमिकेत अमोल कोल्हे. सैन्य लागणार होतं. आणि सैन्य म्हटल्यावर माणसं काय मुंबईहून आणणार? आसपासच्या गावांतली पोरं गेली. त्यांत आमचा धाकटा गेला.

“काय होतास तू?” मी विचारलं.

“पहिल्या दिवशी मावळा होतो,” धाकटा म्हणाला. “सकाळी अकराला मेलो. मग म्हणाले, पलीकडे माणसं कमी पडतात. दाढी लावली, मोगल केलं. दुपारी परत मेलो. चहा झाल्यावर परत मावळा.”

“मग?”

“संध्याकाळच्या उन्हात मेलो. ते मरण चांगलं झालं. शेजारचा म्हणाला, एकदम खरं वाटलं. मला ऊन लागलेलं होतं.”

तर त्या तिसऱ्या मरणाची कीर्ती गावभर झाली. मालिका सुरू झाली आणि रोज रात्री मावशीच्या घरात पंचवीस-तीस माणसं मावेनाशी झाली. धाकटा कुठे दिसतो? एकदाचा तो भाग आला. घोडे आले, धूळ उडाली, तलवारी खणाणल्या, आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात, खाली, एका पडलेल्या मावळ्याचा पाय दिसला. गुडघ्यापासून खाली. किती वेळ? तुम्ही ‘पाय’ म्हणाल तेवढा वेळ.

“आणि मी ओळखला!” मावशी ऐंशीव्या वर्षी टाळी वाजवून म्हणाली. “लहानपणी आंब्यावरून पडला होता, तेव्हा करंगळी वाकडी बसली. मी म्हटलं, हा आपला धाकटा!”

तेव्हापासून आज सतरा-अठरा वर्षं मावशी मालिका बघते आहे. कुठलीही लागू दे. गर्दी आली, जत्रा आली, लग्नाचा मांडव आला, की नायक-नायिकेकडे तिचं लक्षच नसतं. ती मागच्या माणसांकडे बघते. “हा बिचारा मघापासून तोच ग्लास धरून उभा आहे.” “ह्या बाईला काल हळदीकुंकवाला बघितलं होतं, आज कोर्टात कशी?” तिच्या लेखी मागे उभा राहणारा प्रत्येक माणूस कोणाचा तरी धाकटा आहे.

मला माझे स्कँडिनेव्हियातले खून आठवले. चार वर्षं मी ती प्रेतं बघतो आहे. आता कोणत्याही प्रेताची करंगळी मला ओळखू येणार नाही.

रात्री झोप येईना, तेव्हा पत्र्यावरचा पाऊस ऐकत मी हिशेब मांडायला लागलो. कोरियाचं आपण एवढं कौतुक करतो. ‘स्क्विड गेम’ २०२१ साली जगभर गाजली, ती काय आकाशातून पडली? २००२ साली ‘विंटर सोनाटा’ नावाची मालिका कोरियन लोकांनी आधी आपल्या घरात बसून बघितली, मग ती जपानला जाऊन गाजली. तिकडे युरोपने २०१८ साली नियम केला, की मागेल तेव्हा दाखवणाऱ्या या मंडळींच्या यादीत निदान तीस टक्के माल युरोपातला पाहिजे. म्हणजे फ्रेंच माणसालासुद्धा भीती वाटते, की आपला दिवाणखाना आपल्या हातचा जाईल. आमच्याकडे तसा नियम नाही. मावशीच्या घरी मात्र कोटा शंभर टक्के आहे, आणि तो कोणत्याही संसदेत मंजूर झालेला नाही.

आणि जेव्हा आमचे लोक मनावर घेतात तेव्हा जमत नाही असं थोडंच आहे? ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली सावंतवाडीजवळच्या आकेरीतल्या वाड्यात जाऊन केली. घराघरांत मालवणी घुमायला लागली, आणि पुढे तो वाडा बघायला लोकांच्या गाड्या लागल्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनापायी महाराष्ट्रात चित्रण थांबलं तेव्हा मालिकांची बिऱ्हाडं गोव्याला आणि कुठे कुठे गेली, एखाद्या हॉटेलात सासरही आणि माहेरही मांडलं, मेमध्ये गोव्यानेही थांबवलं, तेव्हा पुन्हा गाठोडी बांधली. आठवड्याचे सहा दिवस रोज नवा भाग द्यायचा म्हणजे रोज पाहुणे जेवायला असल्यासारखं आहे. एखाद्या दिवशी आमटीत पाणी वाढणारच. परदेशी मालिका म्हणजे वर्षातून एकदा घातलेली पंगत. तिच्याशी रोजच्या आमटीची तुलना करायची आणि वर नाक मुरडायचं, हे काही न्यायाचं नव्हे. अर्थात आमटीत पाणी आहे हे सांगायलाच हवं. मावशी सांगते. मी मात्र भाषणात आमटीचा जयजयकार केला आणि घरी येऊन पिझ्झा मागवला.

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला तेव्हा धाकटा म्हणाला, “दादा, लेणी बघायला चला.” कोंडाण्याची लेणी बौद्ध, इसवी सनापूर्वीची, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी. ओढे ओलांडत, घसरत, रानातून वर गेलो. वरच्या कड्यावरून लेण्यांच्या तोंडासमोर धबधबा पडत होता, त्यामुळे पडदा बाजूला करून नाटकाला शिरल्यासारखं आत शिरलो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एक फुटकी मूर्ती आहे. डोकंच तेवढं उरलंय, तेही अर्धंमुर्धं. त्याच्याजवळ ब्राह्मीत एक ओळ कोरलेली आहे. अर्थ इतकाच, की कण्हाचा शिष्य बलक याने हे केलं.

मी धाकट्याला तो अर्थ सांगितला. तो बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला.

“म्हणजे नाव टाकलंय,” तो म्हणाला.

“हो. आणि गुरूचंही.”

“आमची नाही टाकली. दीडशे जण होतो.” मग आजूबाजूच्या खांबांकडे, छताकडे बघून म्हणाला, “पण हे काय एकट्या बलकाने केलं असेल? टोपल्या वाहायला खालच्या गावातलीच पोरं असणार.”

“असणार.”

“मग त्यांची आई येत असेल बघायला. हा दगड आपल्या धाकट्याने फोडला म्हणून.”

हल्ली मालिका मोबाईलवर बघताना श्रेयनामावली आली, की ती टाळण्यासाठी खास बटण येतं. मी ते अंगठ्याने इतक्या चपळाईने दाबतो, की हात सवयीने चालतो. बलकाने दगडात कोरलं ते शहाणपणाच केलं. तिथे अंगठा लागू पडत नाही. धाकटा परतताना म्हणाला, “देसाईसाहेब २०२३ च्या ऑगस्टमध्ये गेले तेव्हा आम्ही सगळे हळहळलो. त्यांना आम्ही माहीत नव्हतो. पण आम्हांला ते माहीत होते ना.” स्टुडिओ पुढे सरकारच्या चित्रनगरी महामंडळाकडे गेला, तेव्हा याने पहिला प्रश्न विचारला होता, की परत लढाई असणार आहे का. “आता पोट सुटलंय,” तो म्हणाला, “पण मरायला काय लागतं?”

त्या रात्री साडेआठच्या मालिकेत मोठाच पेच होता. आठ महिने हरवलेली धाकटी जाऊ दारात उभी होती. दार उघडायला सासू निघाली. एक पाऊल. ढग गडगडले. दुसरं पाऊल. ढग पुन्हा गडगडले, पण हे ढग बाहेरचे होते. लाईट गेली.

अंधारात एकदम सगळे बोलायला लागले. शेजारणी कंदील घेऊन आल्या. धाकट्याची बायको म्हणाली, “आई, उद्या मोबाईलवर बघू, तिथे कधीही दिसतं.”

“कधीही दिसतं म्हणूनच कोणी बघत नाही,” मावशी म्हणाली. “थांब. मी सांगते काय झालं ते.”

आणि मावशीने सांगितलं. सासूने दार उघडलं, पण ओळखच दिली नाही, कारण मागे मोठी सून उभी होती. एक शेजारीण म्हणाली, छे, सासू एवढी दुष्ट नाही, तिचा दमा बघा. दुसरीने धाकट्या जावेच्या कडेवर एक मूल दिलं. मावशी म्हणाली, मूल नको, त्याचा पुढे घोळ होतो. मुलांनी चोर घातला. धाकट्याने लढाई घालायचा प्रयत्न केला, तो हाणून पाडण्यात आला. मी, ज्याने आयुष्यात आठ-आठ भाग गप्प बसणारे पोलीस बघितले, तो मी ताडकन म्हणालो, “मावशी, ती जाऊ परत आलीच नाही. दारात पाऊस आहे. सासूला भास झाला.”

क्षणभर सगळे गप्प झाले. मावशी म्हणाली, “हे चांगलंय. पण वाईट आहे. राहू दे.”

लाईट आली तेव्हा दहा वाजून गेले होते. टीव्ही आपोआप सुरू झाला, त्यावर दुसरंच काहीतरी चाललं होतं, आणि कोणाचंही तिकडे लक्ष नव्हतं.

सकाळी सुनेने मोबाईलवर तो भाग लावून मावशीच्या डोळ्यांजवळ धरला. सासूने दार उघडलं, दोघी गळ्यात पडून रडल्या, संपलं. मावशीने चष्मा काढला. “चुकलं त्यांचं,” ती म्हणाली. “आपलं बरं होतं.”

आता मी डोंबिवलीत परत आलोय. वाहिन्यांची जोडणी पुन्हा घेतली. पहिल्या दिवशी सौ.ने विचारलं, “बरं वाटत नाही का?” तिसऱ्या दिवशी ती पोळ्या लाटता लाटता दारात येऊन म्हणाली, “ही बाई एकच पोळी किती वेळ लाटतेय?” पाचव्या दिवशी चिरंजीवांनी एका कानातलं बोंड काढलं. दुसरं अजून आत आहे, पण मी घाई करत नाही.

रोज रात्री नऊला फोन वाजतो. नमस्कार-चमत्कार नाही, कसा आहेस नाही. मावशीचा आवाज येतो, “बघितलंस?”

“बघितलं.”

“मग? अक्कल आहे का त्यांना?”

“मुळीच नाही गं, मावशी,” मी म्हणतो. “पण मागे तो हार धरून उभा होता ना, त्याचं काम चांगलं झालं.”